वीस दिवसांची रेघ

आमच्या मास्तरांना सरळ रेघ बघवत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. एकतीस वर्षं एका दुकानात बरोबरीने शिवणकाम केल्यावर नवऱ्याबद्दल जे कळतं, ते सांगते आहे. माणसाच्या अंगाला सरळ रेघ नसतेच, असं त्यांचं म्हणणं. खांदा उतरता असतो, पाठीला बाक असतो, पोटाचं तर विचारूच नका. म्हणून कापडावर खडू फिरवताना डाव्या हातात कायम ती लाकडी वळणदार पट्टी. दोन खुणा जोडायच्या म्हणजे मध्ये थोडी गोलाई आलीच पाहिजे. एक खांदा खाली असलेला माणूस आमच्याकडचा कोट घालून बाहेर पडला की त्याचे दोन्ही खांदे सारखे दिसतात, आणि आपण वाकडे आहोत हे तो स्वतःही विसरून जातो.

मी काजं करते, बटणं लावते, पँटी दुमडते आणि वही लिहिते. रागावण्याचं कामही माझ्याकडेच आहे, कारण दुकानात कुणीतरी रागवायला लागतंच. मास्तर गिऱ्हाइकाला म्हणतात, "होऊन जाईल." मी म्हणते, "गुरुवारी, सहानंतर, आणि उरलेले पैसे घेऊन या." लोक त्यांच्यावर प्रेम करतात आणि माझ्याकडून कपडे वेळेवर नेतात.

दुकान भाड्याचं होतं. अठरा फूट रुंद, बारा फूट खोल, दोन शटरचा गाळा. मालक थकले, मुलाकडे राहायला जायचं ठरलं, तेव्हा ते येऊन म्हणाले, "मास्तर, गाळा विकायचाय. पहिला मान तुमचा. कागदपत्रं भावाच्या नावाची आहेत, ती नीट व्हायला वर्षअखेर उजाडेल. तोवर पैशांचं बघा." त्या दिवशी मास्तरांनी तीन शर्टांच्या कॉलरी उलट्या कापल्या. हा गाळा गेला तर या वयात दुसरीकडे पाटी लावून गिऱ्हाईक जमवणं आमच्याच्याने झालं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं.

साठवलेलं होतं ते काढलं. बँकेने द्यायचं तेवढं कबूल केलं. उरलेली रक्कम म्हणजे आमचे शेअर. दोऱ्याच्या एका कंपनीचे दोन हजार शेअर मास्तरांनी फार पूर्वी घेऊन ठेवले होते. का, तर तो दोरा मशीनमध्ये कधी तुटला नाही. एवढाच त्यांचा अभ्यास. आता त्या शेअरचा भाव दोनशेच्या वर होता आणि आमचा हिशेब बरोबर दोनशेवर जुळत होता. दोनशेला विकले तर गाळा आमचा, त्याच्या खाली गेले तर नाही.

"मग आजच विकून मोकळं व्हा," मी म्हटलं.

पण भाव चढत होता. जितका चढेल तितकं बँकेचं ओझं कमी होणार होतं, आणि पैसे तर वर्षअखेरीलाच द्यायचे होते. मास्तर अडकले. अशा वेळी सर आले कोट बेतायला.

सर म्हणजे आमचे जुने गिऱ्हाईक, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. वर्षाला एक कोट, आणि प्रत्येक मापाला एक व्याख्यान. हात आडवे पसरून उभं राहिलं की त्यांना वर्गात आल्यासारखं वाटत असावं. मास्तरांनी अडचण सांगितली तशी त्यांची कळी खुलली.

"मास्तर, रोजच्या भावाकडे बघाल तर वेडे व्हाल. तो आज वर, उद्या खाली. तुम्ही असं करा, शेवटच्या वीस दिवसांचे भाव घ्या, बेरीज करा, वीसने भागा. उद्याचा भाव आला की वीसांतला सगळ्यात जुना काढून टाका, नवा घाला, परत भागा. अशी रोज एक सरासरी निघेल. तिचा ठिपका कागदावर द्या आणि ठिपके जोडत चला. ही झाली वीस दिवसांची रेघ. तशीच दुसरी पन्नास दिवसांची. वीसवाली चपळ आहे, लवकर वळते. पन्नासवाली जाड बुडाची, ती सावकाश हलते. वीसवाली वर आहे तोवर चढ टिकून आहे असं समजायचं आणि हातही लावायचा नाही. ज्या दिवशी ती पन्नासवालीला छेदून खाली उतरेल, त्या दिवशी विकायचं. त्याच दिवशी. विचार करायला थांबायचं नाही."

"आणि विकल्यावर भाव पुन्हा चढला तर?" मी काजाची सुई न थांबवता विचारलं.

"चढतो कधी कधी, वहिनी. सरासरी मागचं सांगते, पुढचं नाही. पण नियम मोडून केलेली चूक त्याहून महाग पडते. आणि एक सांगतो, आकडे बघत बसू नका. आकड्यांनी माणूस दचकतो. रेघ बघा." मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "बगलेत जरा टोचतंय हो."

पंधरा दिवसांत कोट झाला आणि तो घेऊन सर मुलीकडे गेले. तिचं बाळंतपण होतं, चार-पाच महिने यायचे नव्हते.

आम्ही कामाला लागलो. कपडे बेतायचा खाकी कागद भिंतीवर ठोकला, एक इंचाला दहा असं माप धरलं. वीस दिवसांना निळा खडू, पन्नासला लाल. मागचे पन्नास भाव मी वाचनालयातल्या जुन्या अंकांतून वहीत उतरवून आणले. सकाळी वर्तमानपत्रातून भाव मी काढायचा, बेरजा-भागाकार मी करायचे आणि दोन आकडे मोठ्याने सांगायचे. ठिपके मास्तरांनी द्यायचे, रेघ त्यांनी ओढायची. विकायचं की नाही ते रेघ सांगेल. मला आकडे कळतात, चित्र कळत नाही. त्यांना चित्र कळतं, आकड्यांशी त्यांचं जन्माचं वाकडं. कामाची इतकी चोख वाटणी आमच्या संसारात पूर्वी कधी झाली नव्हती.

एकदा माझी बेरीज चुकली. ठिपका थेट छताला जायला निघाला. मास्तर दिवसभर हसत होते आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमच्या कंपनीने एका रात्रीत काय मजल मारली बघा! हिनेच मारून दिली." मीही हसले, पण मला ते लागलं. आकडे एवढंच तर माझ्याकडे होतं.

भाव मात्र छान चालला होता. दोनशे बारा, दोनशे वीस, एकदा दोनशे अठ्ठावीस. निळी रेघ लाल रेघेच्या वर ऐटीत चालली होती आणि मी हवेत. काजं करताना माझं तोंड चालू असायचं. पलीकडच्या बाजूच्या भिंतीत खिडकी पाडायची. कपडे घालून बघायच्या खोलीला नीट दार करायचं, पडदा पुरे झाला. रंग पिस्ता, बाकी कुठलाच नाही. खिडकीत खुर्ची टाकून मी काजं करणार, आता डोळ्यांना उजेड लागतो. मास्तर तोंडात टाचण्या धरून नुसती मान हलवायचे. त्यांची ती मान हलवायची सवय मला फार आवडते, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

मग भाव उतरायला लागला. आज दोनने, उद्या तीनने, मध्येच एक दिवस वर. एका सोमवारी भाव दोनशे सहा होता आणि माझे दोन आकडे आले. वीसची सरासरी दोनशे पंधरा पूर्णांक दोन. पन्नासची दोनशे पंधरा पूर्णांक सहा.

"अहो, खाली गेली का हो?"

मास्तर स्टुलावर चढले. ठिपका दिला, पट्टी लावली, रेघ ओढली, मागे झुकून बघितलं. "टेकलीये," म्हणाले. "गेली नाही."

मी खालूनच बघितलं. खरंच, निळी रेघ मऊपणे वळून लाल रेघेच्या अंगावर टेकली होती. आता नवराबायकोत कोण चुकलं असेल? एकतीस वर्षांत त्यांचा खडू दोराभरही चुकलेला मी पाहिला नव्हता. माझी बेरीज मात्र दोनच महिन्यांपूर्वी छताला गेली होती. एरवी मी असलं काही ऐकून घेणारी नाही. पण पुन्हा दिवसभर हसं करून घ्यायची माझी तयारी नव्हती. मी मिठाची गुळणी धरली आणि ठरवलं की पन्नासच्या पन्नास दिवसांच्या बेरजा गुपचूप नव्याने करायच्या.

ते काही सोपं नव्हतं. वहीतले भाव बरोबर उतरवले होते की नाही, तेही ताडायला हवं होतं, आणि आमच्याकडे जुनं वर्तमानपत्र टिकत नाही. ते गिऱ्हाइकांच्या कपड्यांभोवती गुंडाळून जातं. दुपारी मास्तर जरा आडवे झाले की मी बटणं आणायच्या निमित्ताने वाचनालयात जायची, जुने अंक मागायची आणि आकडे ताडायची. तिथल्या बाईंना वाटलं मी कुठल्या परीक्षेला बसते आहे. इकडे रोज सकाळी मी नवे आकडे सांगत होते, मास्तर "टेकलीये अजून" म्हणत होते, आणि भाव दोनशे पाच, दोनशे तीन, एकशे शहाण्णव, एकशे चौऱ्याऐंशी असा घसरत होता. पण नियम नियम होता, भाव बघायचा नाही, रेघ बघायची.

सहाव्या दिवशी, शनिवार-रविवार वगळून दुसऱ्या सोमवारी, भाव निघाला एकशे एकाहत्तर. त्याच दुपारी माझं ताडून संपलं. एकही चूक नव्हती. छताला गेलेला तो एक सोडला, तर पहिल्या दिवसापासून माझा प्रत्येक आकडा बरोबर होता.

मी दुकानात आले, चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या स्टुलावर चढून कागद जवळून बघितला. निळे ठिपके सगळे जिथल्या तिथे होते, लाल रेघेच्या खाली, रोज थोडे आणखी खाली. रेघ मात्र त्यांच्यावरून गेली होती. शेवटचे सहा ठिपके खाली उघडे पडले होते, आणि गोलाई घेतलेली निळी रेघ वरच्या वर लालला टेकून चालली होती.

"अहो!" मी ओरडले. शेजारचा दुकानदार बाहेर येऊन बघून गेला म्हणे. "ठिपके खाली आणि रेघ वर? हे काय आखलंय तुम्ही?"

मास्तर उठून बसले. कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कोपरा येत होता," ते हळूच म्हणाले. "असा कोपरा कुठल्या अंगाला असतो का?"

"हे अंग नाही, भाव आहे! याला कुणी खांदा भरून मागितला नव्हता!"

ते उठून कागदाजवळ आले. मग म्हणाले, "आता एवढा पडलाय, तर थोडा वर येईल. थांबू या."

"सहा दिवस थांबलोय. आता एक तासही नाही. फोन लावा." त्यांनी दलालाला फोन लावला. एकशे अडुसष्टला आमचे दोन हजार शेअर गेले आणि चौसष्ट हजार कमी पडले.

मालक भला माणूस. उधार ठेवायची त्यांची ऐपत नव्हती, पण ते म्हणाले, "दोन शटर आहेत. एक तुम्ही घ्या. नऊ फूट." महिन्याभरात दुसरी बाजू चष्म्यांचं दुकान काढणाऱ्या एका बाईंनी घेतली. मधोमध भिंत आली. आमचं कापायचं टेबल दहा फुटांचं, ते आडवं मावेना. सुताराने दोन फूट कापून वेगळं केलं तेव्हा मास्तर चहा घ्यायला म्हणून बाहेर गेले आणि काम संपल्यावरच आले. टेबल भिंतीला लावलं, त्यामुळे आता आम्ही दोघं एकाच बाजूला बसतो आणि माझं कोपर त्यांना लागतं. खिडकी पाडायची ती भिंत चष्मेवाल्या बाईंकडे गेली.

आणि शेअर? तो चढला. मी कुणाला न सांगता रोज सकाळी भाव बघत होते. एकशे ऐंशी. एकशे त्र्याण्णव. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात दोनशे अकरा. म्हणजे मी फोन लावायला लावला नसता, मास्तर म्हणाले तसं थांबलो असतो, तर अख्खा गाळा आमचा झाला असता. मास्तरांनी याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी भाव बघितला की नाही हेही मला कळेना. मला ते न बोलणंच खायला उठायचं. बोलले असते तर मी भांडले असते, भांडून मोकळी झाले असते. माझं दुकानातलं बोलणं थांबलं. गुरुवार म्हणायचे, सहानंतर म्हणायचे, बाकी सुई आणि मी.

नव्या वर्षात सर परत आले. आजोबा झाले होते आणि कोट तटतटला होता. "मास्तर, कमरेत सोडा थोडा, आणि नवाही घ्या मापाला," असं म्हणत त्यांनी नेहमीसारखे हात पसरले. डाव्या हाताची बोटं नव्या भिंतीला टेकली. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "हे काय?"

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या त्यांनी एकेक करून काढल्या. "शेअर लवकर विकले, सर. मीच विकले. घाबरलो."

मी काज सोडलं. "खोटं बोलतायत हे! हे थांबू म्हणत होते. मी विकायला लावले. माझ्यामुळे अर्धा गाळा गेला."

"तिच्यामुळे नाही. फोन मी केला."

"फोन कुणी लावायला लावला?"

"वहिनी, वही आहे का?" सर म्हणाले. हात पसरलेलेच होते, म्हणून मी वही त्यांच्या डोळ्यांसमोर धरली आणि पानं उलटत गेले. ते बराच वेळ वाचत होते. "आकडे अचूक आहेत," ते म्हणाले. "रेघ छेदली ती खरीच. त्या सोमवारी विकायला हवं होतं. भाव दोनशे सहा होता, तुमचं भागलं असतं. पुढे भाव परत चढला हे नशीब. ते त्या दिवशी कुणालाही दिसणं शक्य नव्हतं. पण मग हे सहा दिवस कसे गेले?"

"माझी बेरीज चुकली असेल असं वाटलं मला," मी म्हटलं. "यांची रेघ चुकत नाही ना कधी. सवयीने गोलाई आली हो त्यांच्या हाताला. त्यांचा काय दोष."

"सवयीने नाही," मास्तर म्हणाले.

ते टेपशी चाळा करत खाली बघत होते. "ठिपका मीच दिला होता ना? खाली पडला ते मला दिसलं. पहिल्याच दिवशी. तू मागे खिडकीचं बोलत होतीस. खिडकीत खुर्ची टाकेन म्हणत होतीस. मला तो ठिपका जोडवेना. म्हटलं, उद्या येईल वर. मग रोज म्हटलं, उद्या येईल. पट्टी मी मुद्दाम लावली. आणि नंतर तू बोलायचीच बंद झालीस, तेव्हा वाटलं, हिला कळलंय. वाटलं, आता ही मला माफ करणार नाही."

तीन महिने मी समजत होते की हे माझ्यावर मनातून नाराज आहेत. तीन महिने हा माणूस तेच माझ्याबद्दल समजून पँटी कापत होता. आणि त्याआधीचे सहा दिवस हे मला जपत होते, मी यांच्यासमोर चुकायला घाबरत होते, आणि भाव आपला आपल्या वाटेने चालला होता. मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. मी राग आधी घेतला, कारण तो मला चांगला जमतो.

"सहा दिवस!" मी म्हटलं. "मी वाचनालयात बेरजा करत मरत होते आणि तुम्हाला माहीत होतं! खिडकीचं एवढं काय कौतुक? मी इतकी वर्षं बल्बखाली काजं केलीच ना? मला खिडकी नको होती हो, मला..." मास्तर पुढे आले आणि गिऱ्हाइकासमोर, जे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं, त्यांनी माझा सुईचा हात धरला.

"मी हात खाली घेऊ का?" सरांनी विचारलं.

"नको," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

मी पदराने डोळे पुसले. "ऐका," मी मास्तरांना म्हटलं. "यापुढे ठिपका खाली पडला की मला सांगायचं. त्याच दिवशी. मी ओरडेन, हातातलं फेकेन, पण सांगायचं."

"आणि तुला काही चुकलंसं वाटलं तर?"

"तर मीही सांगेन. तुम्ही हसा पोट भरून."

मास्तरांनी मान हलवली. मग टेप सरांच्या पोटाभोवती घेतला, वाकून बघितलं, आणि सरांना वाईट वाटेल म्हणून एरवी जो आकडा ते पुटपुटत सांगतात तो मोठ्याने सांगितला. मी तो जसाच्या तसा लिहून घेतला.